विश्लेषण : जुन्या जीन्सपासून चाकूची मूठ... कापडाला दगडासारखे करणारे लिओ बेकलँड कोण होते?

जुनी जीन्स, थोडे रेझिन, दोन गुळगुळीत फळ्या आणि चार क्लॅम्प. एवढ्या सामानात घरच्या घरी चाकूची मूठ तयार होते. ती पाण्याने फुगत नाही, उन्हाने तडकत नाही आणि ओल्या हातातही पकड देते. जगभरातले हौशी चाकूकार या साहित्याला ‘मायकार्टा’ म्हणतात. हे मुळात एका कंपनीचे व्यापारी नाव. आता कापडाचे थर आणि रेझिन यांपासून बनलेल्या कोणत्याही ठोकळ्याला ते सर्रास वापरले जाते.

या मुठीची गोष्ट एका बेल्जियन रसायनशास्त्रज्ञापर्यंत जाते. लिओ बेकलँड यांचे नाव शालेय पुस्तकात ‘बेकेलाइटचे जनक’ एवढ्या एका ओळीत येते. कुकरची काळी मूठ, जुन्या घरातले काळे-तपकिरी स्विच, जुना डायलचा फोन हे सारे बेकेलाइटचे. पण त्यांनी रेझिन शोधले, हे अर्धेच खरे आहे. ते रेझिन त्यांच्याआधी अनेकांनी बनवले होते आणि वैतागून फेकूनही दिले होते. बेकलँड यांनी शोधली ती त्या रेझिनला काबूत ठेवण्याची रीत.

मूठ बनते कशी?

आधी कापड. जीन्स, कॅनव्हास, लिनन, तागाचे पोते, जुना सुती शर्ट यांपैकी काहीही चालते. मात्र ते धुऊन पूर्ण वाळलेले हवे आणि त्यात कांजी नको. कांजी असली की रेझिन धाग्यात मुरत नाही. कापडाचे एकाच मापाचे तुकडे कापायचे. जीन्सचे दहा-बारा थर दाबले की साधारण ७ ते ८ मिलिमीटर जाडीची पट्टी मिळते. मुठीच्या एका बाजूला ती पुरते. दुसऱ्या बाजूसाठी तशीच आणखी एक.

मग इपॉक्सी रेझिन आणि त्याचे हार्डनर सांगितलेल्या प्रमाणात मोजून मिसळायचे. अंदाजपंचे चालत नाही. प्रमाण चुकले तर मूठ कायमची चिकट राहते. प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी नीट भिजवून एकावर एक रचायचा. फळ्यांना आधी प्लॅस्टिकचा कागद लावायचा, नाहीतर फळ्याही मुठीचाच भाग होतात. वरून फळी ठेवून क्लॅम्प आवळायचे. कडेने जादा रेझिन आणि हवेचे बुडबुडे बाहेर येऊ लागतात. फार आवळले तर रेझिनच निघून जाते आणि मधले थर कोरडे राहतात. हा अंदाज दोन-तीन ठोकळे वाया घालवल्यावरच येतो.

दिवसभर तसेच ठेवले की आतून लाकडासारखा कापता येणारा ठोकळा निघतो. तो हॅक्सॉने कापून, ड्रिलने भोके पाडून, पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागाला दोन्ही बाजूंनी पिना आणि इपॉक्सीने बसवतात. मग कानस आणि पॉलिश पेपर. खरी गंमत इथे दिसते. गोलाई देताना एकेक थर तिरका कापला जातो आणि नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारख्या रेषा मुठीवर उमटतात. निळ्या जीन्समध्ये मधूनमधून पांढऱ्या कापडाचे थर घातले तर त्या आणखी उठून दिसतात.

गोधडी शिवणाऱ्या कुणालाही हे तत्त्व सांगावे लागणार नाही. सुटे कापड दुबळे, थर जोडले की मजबूत. फरक एवढाच की इथे टाक्यांऐवजी रेझिन आहे आणि दाब दिल्याशिवाय काम होत नाही. दाब कशासाठी, याचे उत्तर बेकलँड यांच्या आयुष्यात सापडते.

बूट दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा

लिओ हेन्ड्रिक बेकलँड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधील गेन्ट शहरात झाला. वडील बूट दुरुस्त करत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलानेही लवकर कामाला लागावे, अशी त्यांची अपेक्षा. आई रोझालिया लोकांच्या घरी काम करायची. मुलगा शिकलाच पाहिजे, हा आग्रह तिचा होता.

लिओ संध्याकाळच्या तांत्रिक शाळेत शिकले. फोटोग्राफीचा नाद लागला होता, पण रसायने विकत घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा वडिलांनी दिलेल्या घड्याळाची चांदीची साखळी विरघळवून त्यांनी सिल्व्हर नायट्रेट बनवले, असे सांगतात. गेन्ट शहराच्या शिष्यवृत्तीवर ते विद्यापीठात गेले आणि १८८४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, रसायनशास्त्रातील डॉक्टरेट सर्वोच्च श्रेणीत मिळवून बाहेर पडले. पुढे तिथेच अध्यापन सुरू केले.

विभागाचे प्रमुख होते प्राध्यापक थिओडोर स्वार्ट्स. त्यांची मुलगी सेलिन हिच्याशी लिओ यांचे १८८९ मध्ये लग्न झाले. प्राध्यापकाची नोकरी, सासरे विभागप्रमुख; आयुष्य मार्गी लागल्यात जमा होते. पण प्रवासाची शिष्यवृत्ती घेऊन ते पत्नीसह अमेरिकेला गेले आणि परतलेच नाहीत. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स चँडलर यांनी त्यांना अमेरिकेतच राहून उद्योगात काम करण्याचा सल्ला दिला. न्यूयॉर्कमधल्या एका फोटोग्राफी कंपनीत त्यांना कामही मिळाले.

दोन वर्षांत ती नोकरी सोडून त्यांनी सल्लागार म्हणून व्यवसाय थाटला. एकाच वेळी अनेक शोधांमागे धावले आणि एकही पूर्णत्वाला गेला नाही. पैसे संपत आले, त्यात मोठे आजारपण. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ठरवले की आता एकच गोष्ट हाती घ्यायची आणि ती तडीस न्यायची.

फोटोच्या कागदाने श्रीमंती

ती एक गोष्ट म्हणजे ‘व्हेलॉक्स’ हा फोटोचा कागद. तोवर फोटोची प्रत काढायला सूर्यप्रकाश लागे. ढग आले की काम बंद. व्हेलॉक्सवर दिव्याच्या उजेडात प्रत काढता येई. १८९३ मध्ये भागीदार लिओनार्ड जेकोबी यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या योंकर्स इथे नेपेरा केमिकल कंपनी काढली. व्यावसायिक फोटोग्राफर सुरुवातीला या कागदाकडे वळले नाहीत. हौशी लोकांनी मात्र तो उचलून धरला.

१८९९ मध्ये कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांनी ही कंपनी विकत घेतली. किंमत साडेसात लाख ते दहा लाख डॉलरच्या दरम्यान सांगितली जाते. बेकलँड ५० हजार मागायचे ठरवून गेले होते आणि ईस्टमन यांनी आपणहून कितीतरी पट मोठा आकडा उच्चारला, हा किस्सा त्यांच्या प्रत्येक चरित्रात येतो. आयुष्यात पुन्हा कमावण्याची गरज उरली नव्हती, तेव्हा त्यांचे वय ३५ होते.

या काळात घरावर एक आघातही झाला होता. त्यांची थोरली मुलगी जेनी १८९५ मध्ये, पाच वर्षांची असताना, इन्फ्लुएंझाने गेली. जॉर्ज आणि नीना ही त्यांची इतर दोन मुले.

योंकर्समध्ये हडसन नदीकाठी ‘स्नग रॉक’ नावाचे घर घेऊन त्याच्या आवारातच त्यांनी प्रयोगशाळा उभारली. फोटोग्राफीच्या क्षेत्रात पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, असे ईस्टमन यांच्याशी ठरले होते. त्यामुळे विषय बदलणे भाग होते. १९०० मध्ये ते जर्मनीला जाऊन विद्युतरसायनशास्त्राची उजळणी करून आले. नायगारा धबधब्याजवळच्या हूकर कंपनीला मिठाच्या पाण्यातून विजेच्या साहाय्याने कॉस्टिक सोडा आणि क्लोरिन काढण्याच्या कामात मदत केली. मग त्यांची नजर लाखेवर गेली.

लाखेचा भारताशी संबंध काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज घरोघरी पोहोचू लागली होती. तारा, मोटारी, जनित्रे या साऱ्यांना विद्युतरोधक आवरण लागे. त्यासाठी वापरात होती शेलॅक, म्हणजे शुद्ध केलेली लाख. लाखेच्या बांगड्या आणि पाकिटावर मोहोर उमटवायची लाख तीच. पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणारे किडे ती तयार करतात आणि जगाला तिचा मोठा पुरवठा भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातून होत असे. ग्रामोफोनच्या तबकड्यांनाही हीच लाख लागायची.

किडे मागणी वाढली म्हणून जास्त लाख देत नाहीत. विजेचा उद्योग ज्या वेगाने वाढत होता, त्या वेगाने जंगलातून लाख गोळा होणे शक्य नव्हते. भाव चढत गेले. प्रयोगशाळेत बनणारी लाख जो शोधेल, त्याला बाजारपेठ तयारच होती. बेकलँड यांनी या विषयात हात घातला तो याच व्यावहारिक हिशेबाने. पैसा मिळवण्याचा हेतू त्यांनी कधी लपवला नाही.

सगळ्यांनी फेकून दिलेला राळेचा गोळा

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र तापवले की राळेसारखा चिकट गोळा होतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ फॉन बेयर यांनी १८७२ मध्येच पाहिले होते. त्यांना हवे होते स्फटिकरूप, शुद्ध पदार्थ. परीक्षानळीला चिकटून बसणारा, कशातच न विरघळणारा हा गोळा त्यांच्या दृष्टीने कचरा होता. नंतर इतरांनीही प्रयत्न केले. १८९९ मध्ये ब्रिटनमधील आर्थर स्मिथ यांनी अशा रेझिनचे पेटंटही घेतले. पण उपयोगी वस्तू कुणालाच जमली नाही.

अडचण कुठे होती? या दोन रसायनांची अभिक्रिया होताना पाणी बाहेर पडते. शिवाय उष्णताही निर्माण होते. मिश्रण तापले की आतल्या आत वाफ आणि वायू तयार होतात, सगळे फसफसते आणि शेवटी हाती येतो तो भोकाभोकांचा, ठिसूळ, स्पंजसारखा ढेकूळ. म्हणून सगळे संशोधक तापमान कमी ठेवत, द्रावक घालून अभिक्रिया मंद करत, आठवडेच्या आठवडे वाळवत. तरीही तडे जात.

बेकलँड यांनीही सुरुवात अशीच केली. मदतनीस नॅथॅनियल थर्लो यांच्यासह त्यांनी आधी ‘नोव्होलॅक’ नावाची, विरघळणारी कृत्रिम लाख बनवली. ती बाजारात फारशी चालली नाही. नंतर १९०७ मध्ये त्यांनी वेगळा विचार केला. हे मिश्रण मऊ लाकडात मुरवले आणि आतच कडक होऊ दिले, तर लाकूड टणक होईल का? लाकडाच्या तुकड्यांत रेझिन भरून ते बंद नळीत तापवायचे, असे प्रयोग सुरू झाले. मुठीसाठी कापड भिजवणारा आज करतो ते याच विचाराचे रूप आहे. तंतू आणि रेझिन, दोघांनी एकमेकांना सावरायचे.

लाकडापेक्षा त्यांचे लक्ष वेधले ते लाकडाबाहेर, नळीत साचून घट्ट झालेल्या रेझिनने. बंद नळीत दाबाखाली तापलेले ते रेझिन कडक होते आणि त्यात बुडबुडे नव्हते.

बेकलँड यांच्या कामाचे मर्म इथे आहे. सगळे जण उष्णतेला घाबरत होते. त्यांनी उष्णता उलट वाढवली, पण दाबासह. पाणी १०० अंशांना उकळते ते उघड्या भांड्यात. कुकरमध्ये दाब असला की त्याहून जास्त तापमानालाही ते उसळत नाही. तसेच बाहेरून पुरेसा दाब दिला तर रेझिनमधली वाफ बुडबुडे करू शकत नाही. मग तापमान १४०-१५० अंशांपर्यंत नेता येते आणि आठवड्यांचे काम तासाभरात, पुढे तर काही मिनिटांत उरकते.

यासाठी त्यांनी अंडाकृती, वाफेवर चालणारे लोखंडी दाबपात्र वापरले. त्याला नाव पडले ‘बेकलायझर’. कामगार त्याला प्रेमाने ‘ओल्ड फेथफुल’ म्हणत. हे यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

त्यांनी दुसरी गोष्ट साधली ती टप्प्यांची. अगदी थोडा अल्कली घालून अभिक्रिया मधेच थांबवता येते, हे त्यांनी दाखवले. पहिल्या, ‘ए’ टप्प्यात रेझिन पातळ आणि विरघळणारे. ‘बी’ टप्प्यात ते घट्ट, पण तापवले तर मऊ पडणारे. ‘सी’ टप्प्यात कायमचे कडक. मातीचा चिखल, कच्ची वीट आणि भाजलेली वीट असेच हे आहे. भाजलेली वीट कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. प्लॅस्टिकची बादली मात्र मेणासारखी; तापवली की वितळते.

१३ जुलै १९०७ रोजी त्यांनी ‘उष्णता आणि दाब’ पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते ७ डिसेंबर १९०९ रोजी मंजूर झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या न्यूयॉर्क शाखेपुढे हा शोध जाहीर केला होता. ब्रिटनमध्ये जेम्स स्विनबर्न हे अभियंते अशाच रेझिनवर काम करत होते. ते पेटंटसाठी गेले तेव्हा कळले की बेकलँड त्यांच्या एक दिवस आधी पोहोचले आहेत. एका दिवसाने हुकलेल्या स्विनबर्न यांचे नाव आज फारसे कुणाला ठाऊक नसते.

कापडाचे थर कुणी रचले?

१९१० मध्ये जनरल बेकेलाइट कंपनी स्थापन झाली. निव्वळ बेकेलाइट टणक असले तरी ठिसूळ असते. हातातून पडले तर फुटते. म्हणून त्यात लाकडाची बारीक भुकटी किंवा अ‍ॅस्बेस्टॉस मिसळून साच्यात दाबत. पण सर्वात चिवट वस्तू मिळाली ती सलग कापड किंवा कागद वापरल्यावर. भुकटी फक्त जागा भरते. कापडाचा धागा मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताण वाहून नेतो. तडा एका थरात सुरू झाला तरी पुढच्या थरात जाताना तो अडतो.

बेकलँड यांचे रेझिन घेऊन पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कंपनीने १९१०च्या सुमारास असे थरांचे तक्ते बनवायला सुरुवात केली. तेच ‘मायकार्टा’. तोवर विद्युतरोधनासाठी मायका, म्हणजे अभ्रक वापरले जाई. त्याचाही मोठा पुरवठा भारतातून, आताच्या झारखंडमधल्या कोडरमा भागातून होत असे. म्हणजे बेकलँड यांच्या एका रेझिनने भारतातून जाणाऱ्या दोन वस्तूंना पर्याय उभा केला. एक लाख, दुसरे अभ्रक.

वेस्टिंगहाउसमधलेच डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर हे दोन तरुण अभियंते रेझिनमध्ये भिजवलेल्या थरांचे सपाट तक्ते बनवण्याची रीत घेऊन १९१३ मध्ये बाहेर पडले. पेटंटचे हक्क मात्र कंपनीकडेच राहिले. अभ्रकाऐवजी वापरायची वस्तू म्हणून त्यांनी कंपनीचे नाव ठेवले ‘फॉर्मायका’. बेकलँड यांच्या कंपनीने तक्त्यांसाठी त्यांना रेझिन द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांनी प्रतिस्पर्ध्याकडून ते घेतले. वेस्टिंगहाउसने त्यांना कोर्टात खेचले आणि हार पत्करली. महाराष्ट्रातल्या घराघरात टेबल आणि कपाटांवर बसलेला ‘सनमायका’ याच घराण्यातला. फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या तपकिरी कागदाचे थर आणि वर मेलामाइनचा रंगीत पापुद्रा. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये ‘हायलम शीट’ म्हणून जी तपकिरी पाटी मिळते, तीही हीच जात.

कापडी मायकार्टाचे दातेरी चक्र पोलादी चक्रापेक्षा कमी आवाज करते, म्हणून ते मोटारींच्या इंजिनात गेले. विमानांचे पंखेसुद्धा त्याचे बनले. चाकूच्या मुठीपर्यंत ते आले ते हाड, हस्तिदंत आणि शिंग यांना पर्याय म्हणून. लाकूड पाणी पिते, हाड तडकते, शिंग वाकते. मायकार्टा यांपैकी काहीच करत नाही. अमेरिकेतील नामवंत चाकूकार बॉब लव्हलेस यांच्या शिकारी चाकूंना मायकार्टाच्या मुठी असत. त्यानंतर हौशी कारागिरांत हे साहित्य रुजत गेले.

मग घरी बेकेलाइट का बनवत नाहीत?

कारखान्यातला मायकार्टा बनवताना कापड ‘ए’ टप्प्यातल्या रेझिनमध्ये भिजवतात, वाळवून ‘बी’ टप्प्यावर आणतात, थर रचतात आणि तापलेल्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबतात. दर चौरस सेंटीमीटरला ७० किलोच्या आसपास किंवा जास्त दाब लागतो. घरच्या क्लॅम्पचे ते काम नव्हे. शिवाय फिनॉल त्वचेला भाजते आणि फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. स्वयंपाकघरात किंवा गच्चीवर हा प्रयोग कुणी करूच नये.

घरच्या मुठीला लागते ते इपॉक्सी. स्वित्झर्लंडचे पिएर कास्ताँ आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांनी स्वतंत्रपणे त्यावर काम केले आणि १९४०च्या दशकात ते बाजारात आले. दोन ट्यूबमधले अ‍ॅरल्डाइट त्याच कुळातले. इपॉक्सी आणि हार्डनर यांचे रेणू एकमेकांना थेट जोडले जातात, पाणी बाहेर पडत नाही. वाफच नाही, तर ती दाबून ठेवायला प्रचंड दाबाचीही गरज नाही. क्लॅम्प फक्त थर एकमेकांना टेकवण्यासाठी आणि अडकलेली हवा बाहेर काढण्यासाठी. रचना तीच, रसायन वेगळे.

याची किंमतही आहे. घरच्या तापमानाला सुकलेली बरीच इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. अशी मूठ उकळत्या पाण्यात किंवा गॅसजवळ ठेवणे बरे नाही. फिनॉलिक मायकार्टाला त्याने काही होत नाही.

काळजीचा मुद्दा वेगळाच आहे. न सुकलेली इपॉक्सी वारंवार त्वचेला लागली तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. म्हणून हातमोजे हवेतच. मूठ घासताना उडणारी भुकटी फुप्फुसात जाते. साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा आणि शक्यतो पॉलिश पेपर ओला करून घासावे. भंगारात मिळालेले जुने बेकेलाइट किंवा तपकिरी तक्ते मुठीसाठी कापण्याचा मोह टाळलेला बरा, कारण जुन्या काळच्या काही मालात अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ते नुसते पाहून ओळखता येत नाही.

खटले आणि डबाबंद जेवण

बेकेलाइट चालू लागताच नकला आल्या. थॉमस एडिसन यांच्यासोबत काम केलेले जोनास एल्सवर्थ यांचे ‘कंडेन्साइट’ आणि लॉरेन्स रेडमन यांचे ‘रेडमॅनॉल’ हे मोठे प्रतिस्पर्धी. पेटंटचे खटले वर्षानुवर्षे चालले. बेकलँड जिंकले, पण हरलेल्यांना संपवण्याऐवजी त्यांनी सोबत घेतले. १९२२ मध्ये तिन्ही कंपन्या मिळून बेकेलाइट कॉर्पोरेशन झाली. मालावर ‘बी’ अक्षर आणि गणितातले अनंताचे चिन्ह छापले जाई. रेडिओची पेटी, टेलिफोन, मोटारीचे सुटे भाग, इस्त्रीची मूठ... १९२४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले. त्याच वर्षी ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते.

उतारवयात ते अधिकाधिक विक्षिप्त होत गेले. फ्लोरिडातल्या कोकोनट ग्रोव्ह इथल्या घरी ते पांढरे कपडे आणि कॅनव्हासचे बूट घालून वावरत. उकडले की कपड्यांसकट तलावात उतरत. एवढा पैसा असून डबाबंद अन्न थेट डब्यातूनच खात. रोजनिशी मात्र शेवटपर्यंत लिहिली. त्यांच्या ६०हून अधिक वह्या स्मिथसोनियनकडे आहेत. सेलिन उत्तम चित्रकार होत्या. लोकांचा राबता त्यांना आवडे, लिओ यांना तो नकोसा होई.

मुलगा जॉर्ज कंपनी सांभाळेल, ही वडिलांची इच्छा होती. जॉर्ज यांना त्यात रस नव्हता आणि बापलेकांचे फारसे पटतही नव्हते. गेन्टमधल्या त्या बूट दुरुस्त करणाऱ्यालाही मुलगा आपल्यासोबत कामाला हवा होता. त्या मुलाने तेव्हा आईचे ऐकले होते. १९३९ मध्ये बेकेलाइट कंपनी युनियन कार्बाइडला विकली गेली. पाच वर्षांनी, २३ फेब्रुवारी १९४४ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन इथल्या आरोग्यधामात बेकलँड यांचे निधन झाले. ते ८० वर्षांचे होते. तोवर पॉलिथीन, नायलॉन, पीव्हीसी बाजारात आले होते आणि घरगुती वस्तूंमधून बेकेलाइटची पीछेहाट सुरू झाली होती.

थरांची रीत मात्र मागे पडली नाही. जुन्या ट्रान्झिस्टरच्या आतली तपकिरी सर्किटची पाटी कागद आणि फिनॉलिक रेझिनची असे. आज हा मजकूर ज्या स्मार्टफोनवर वाचला जात आहे, त्याच्या आतली सर्किटची पाटीही काचतंतूंच्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून, ‘बी’ टप्प्यावर आणून, एकावर एक रचून आणि तापलेल्या प्रेसखाली दाबून बनलेली आहे. कारखान्यांत त्या टप्प्याला आजही ‘बी स्टेज’च म्हणतात.